त्याचं पाणी कुठं जातं?

“एवढा बर्फ पडतो म्हणतेस, तर त्याचं पाणी कुठं जातं?” अण्णांनी विचारलं आणि फोन मला परत दिला. साताऱ्याच्या घरी रविवारची जेवणं नुकतीच उरकली होती, खरकटी ताटं अजून टेबलावरच होती. मी त्यांना चिलीतल्या पोर्तियोचा फोटो दाखवत होते. गोठून पांढरं पडलेलं तळं, त्यामागे एकमेकांना खेटून उभी असलेली तीन शिखरं आणि तळ्याच्या काठावर एकुलती एक पिवळीधमक इमारत. आजूबाजूला गाव नाही, बाजार नाही. नवरा वर्षभरासाठी कामानिमित्त सँटियागोला आहे, ऑगस्टमध्ये मी आणि लेक तिकडे जाऊ आणि त्यातले सात दिवस तिघंही या पिवळ्या घरात राहून स्कीइंग करू, असा बेत मी रंगवून सांगत होते. आईनं थंडीचं विचारलं, जेवणाचं विचारलं, पोरीला झेपेल का ते विचारलं. अण्णा बराच वेळ गप्प होते. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, हॉटेलच्या मागचा उतार वरून खालपर्यंत हळूहळू सरकवत पाहिला, आणि मग हा प्रश्न. “वितळत असेल, जात असेल नदीला,” मी म्हटलं. “कुठल्या नदीला?” मला सांगता आलं नाही. त्यांनीही पुढे काही विचारलं नाही, हात धुवायला उठले.

खंबाटकीचा बोगदा मागे पडला, शिरवळ गेलं, तरी तो प्रश्न डोक्यातून गेला नाही.

खरं तर तीन महिने मी या सहलीचाच अभ्यास करत होते. पोर्तियोची मला खडानखडा माहिती आहे अशी माझी समजूत होती. पोर्तियो म्हणजे स्पॅनिशमध्ये छोटी खिंड. सँटियागोपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास, अर्जेंटिनाच्या सरहद्दीच्या अगदी तोंडाशी. हॉटेल १९४९ साली सुरू झालं. सरकारी होतं, १९६१ मध्ये एका अमेरिकन कुटुंबाकडे गेलं. उंची जवळपास २,८८० मीटर, म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर आणखी पाऊण कळसूबाई. एका वेळी राहणारी माणसं साधारण साडेचारशे, त्याहून जास्त घेतच नाहीत. आठवड्याचा हिशोब शनिवार ते शनिवार. खोल्यांमध्ये टीव्ही नाही. दिवसातून चार वेळा खाणं, त्यात दुपारनंतरचा चहाही आला. चिलीत या चहाला ‘ओन्से’ म्हणतात, म्हणजे अकरा. संध्याकाळच्या चहाला अकरा का म्हणत असतील याचं मला फार नवल वाटलं होतं. आणि मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे पहिल्या दिवशी तुम्हाला जेवणघरात जे टेबल मिळतं, तेच आठवडाभर तुमचं. वाढणारा माणूसही तोच.

त्या टेबलासाठीच मी पोर्तियो निवडलं. सँटियागोच्या जवळ याहून मोठे, जास्त उतारांचे, जास्त गजबजलेले रिसॉर्ट आहेत. नवऱ्यानं सुरुवातीला त्यांचीच नावं पाठवली होती. पण तो गेल्यापासून आमच्या घरातलं तिसरं ताट फोनच्या पडद्यावर आहे. चिली ऑगस्टमध्ये आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. आमची रात्रीची जेवणं म्हणजे त्याची ऑफिसातली सकाळ, आणि तो जेवायला बसतो तेव्हा इथे लेक डबा घेऊन कॉलेजला पळत असते. पुढच्या वर्षी तीही बाहेर शिकायला जाईल. मग तिघांनी सलग सात रात्री एकाच टेबलाशी बसायचं, बाहेर बर्फ पडतोय, कुणाला कुठे जायचं नाही, जायला जागाच नाही, असं चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मी ठरवून टाकलं. त्यासाठी मोजायच्या पैशांचा आकडा मी अजून अण्णांना सांगितलेला नाही. आईला अर्धवट सांगितलाय.

बेत करण्यातही एक सुख असतं, आणि ते मी अगदी पोटभर घेतलं. मुंबई, दोहा, साओ पाउलो, सँटियागो असा प्रवास. पोहोचल्यावर दोन रात्री सँटियागोतच राहायचं, कारण शहर पाच-सहाशे मीटरवर आणि हॉटेल एकदम २,८८० वर. शरीराला जरा वेळ द्यायला हवा. वर जाणारा रस्ता लॉस अँडीस गावावरून जातो आणि शेवटी अशा वळणांवर चढतो की त्यांना ‘काराकोलेस’ म्हणतात, म्हणजे गोगलगायी. नकाशात तो भाग मोठा करून पाहिला तेव्हा कुणीतरी दोरा टाकून दिल्यासारखा दिसला. हाच रस्ता पुढे बोगद्यातून अर्जेंटिनात जातो, त्यामुळे त्या गोगलगायींवर मालाचे ट्रक रांग लावून चढत असतात. मोठं हिमवादळ आलं की खिंड बंद होते. ट्रक तिकडे उस्पायातापाशी आणि इकडे लॉस अँडीसपाशी दिवसेंदिवस थांबतात. म्हणून परतीचं विमान शनिवारचं न घेता मंगळवारचं घ्यायचं, हे मी वहीत लाल शाईनं लिहून ठेवलं.

आणि ती गोफण, म्हणजे तिथली एक अजब लिफ्ट. पोर्तियोच्या सगळ्यात उभ्या उतारांवर नेहमीसारखी खांबांवरची लिफ्ट नाही, कारण तिथे हिमकडे कोसळतात आणि खांब टिकत नाहीत. १९६६ च्या ऑगस्टमध्ये इथे अल्पाइन स्कीइंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, दक्षिण गोलार्धात झालेली आजवरची ती एकमेव. त्याच्या आदल्याच हिवाळ्यात वादळांनी आणि हिमकड्यांनी तिथल्या लिफ्ट मोडून टाकल्या होत्या. त्यावर फ्रेंच कारागीर जाँ पोमागाल्स्कीनं तोड काढली: पाच माणसं शेजारी शेजारी उभी राहतात, प्रत्येकाच्या मांड्यांमध्ये एकेक चकती, आणि दोर पाचही जणांना एका दमात वर खेचून नेतो. वर पोहोचल्यावर उतरायला सपाट जागा नसते. दोर थांबतो, आणि त्या उभ्या उतारावर एकेकानं आपली चकती सोडून बाजूला व्हायचं असतं. ‘व्हा ए व्हिएँ’ असं तिचं फ्रेंच नाव, म्हणजे जाते आणि येते. याचा व्हिडिओ मी किती वेळा पाहिला असेन! पाच अनोळखी माणसं खांद्याला खांदा लावून, श्वास रोखून वर ओढली जाताहेत. एकानं तोल घालवला की पाचही जणांचा जातो.

एवढं सगळं मला माहीत होतं, आणि अण्णांच्या एका प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

अण्णा पाटबंधारे खात्यात होते. माझं लहानपण दहिवडीत गेलं. महाबळेश्वर आमच्याच जिल्ह्यात, तिथे वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळणार, आणि आमच्या माण तालुक्यात त्याचा दहावा हिस्सासुद्धा येणार नाही. सह्याद्री ओलांडताना ढगांनी सगळं ओतून दिलेलं असायचं, आमच्याकडे नुसता वारा यायचा. ऑफिसच्या आवारात तारेच्या कुंपणात पर्जन्यमापक बसवलेला होता. नोंद शिपायानंही घेतली असती, पण अण्णा घरी असले की साडेआठच्या ठोक्याला स्वतः जायचे, आणि सुट्टी असेल तर मीही त्यांच्यामागे. कुंपणाचं दार करकरायचं. ते वरचं नरसाळं काढायचे, आतली बाटली अलगद उचलायचे आणि काचेच्या उभ्या मोजपात्रात पाणी ओतायचे. मग गुडघे वाकवून डोळा अगदी पाण्याच्या पातळीला आणायचे. “कडेला पाणी चढलेलं दिसतं, ते धरायचं नाही. मधला खोलगट भाग धर,” ते मला सांगायचे. मी धरायचे. दोन पूर्णांक चार. चार पूर्णांक सहा. पण हे क्वचितच. बहुतेक दिवशी बाटली कोरडी असायची, तळाशी फार तर एखादी मुंगी. अण्णा ती झटकायचे, बाटली पुन्हा नीट बसवायचे आणि रजिस्टरमध्ये निळ्या शाईनं ‘निरंक’ असं लिहायचे. शून्य लिहीत नसत. एकाखाली एक निरंक, निरंक, निरंक, जुलैचं पान संपून ऑगस्टचं लागलं तरी निरंक. त्या शब्दाचा अर्थ मला बरेच दिवस कळत नव्हता. पण अण्णांनी तो लिहिला की घरात त्या दिवशी कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, एवढं मला कळत होतं.

१९७२ च्या दुष्काळात ते चोविशीत होते. त्याबद्दल ते फारसं बोलत नाहीत. सुकडीचा वास अजून नाकात आहे, एवढंच एकदा म्हणाले होते.

बर्फाची माझी ओळख फार उशिरा झाली, पस्तिशीत, औलीला. जोशीमठहून रोपवेनं वर गेलो होतो. सात दिवसांचा कोर्स, भाड्याचे बूट घोट्याला चावणारे, आणि रोज संध्याकाळी अंगाचा नुसता भुगा. पण पाचव्या दिवशी सकाळी, समोर नंदादेवी उजळत असताना, पायांखालच्या पट्ट्या पहिल्यांदा माझं ऐकायला लागल्या. गुडघा जरा आत वळवला की वळण आपोआप येत होतं. आवाज फक्त बर्फ कापला जाण्याचा, नवं कापड फाडताना येतो तसा. त्यानंतर कितीतरी वर्षं लेकीला तिथे न्यायचं मनात होतं. मग बर्फच पडला नाही म्हणून औलीच्या स्पर्धा रद्द झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या, आणि २०२३ च्या जानेवारीत जोशीमठची घरं तडकली. रोपवे बंद झाला. मी जिथे राहिले होते त्या गल्लीसारख्याच एका गल्लीतल्या भिंतीवर लाल फुली मारलेला फोटो पेपरात आला होता. तिथे पुन्हा मजेसाठी जायचं माझ्या मनाला पटत नाही. त्या डोंगराला आता गप्प राहू द्यावं असं वाटतं.

तर मी त्या रात्री पुण्याला पोहोचल्यावर नकाशा उघडला. हॉटेलांचा नाही, नद्यांचा. पोर्तियोखाली जी दरी उतरते तिच्यातून हुंकाल नदी जाते. पुढे तिला ब्लांको नदी मिळते आणि दोघींची मिळून होते अकोंकाग्वा. ती लॉस अँडीसवरून, सान फेलिपेवरून, द्राक्षं, पीच, अक्रोडांच्या बागांमधून जाते, खाली कियोताच्या ॲव्होकॅडोंना पाणी देते आणि कोंकोनपाशी पॅसिफिकला मिळते. एवढ्या सगळ्या बागा, आणि उन्हाळ्यात तिथे पावसाचा थेंब नाही. मध्य चिलीत पाऊस पडतो तो हिवाळ्यात, म्हणजे साधारण जून ते सप्टेंबर. आपले नेमके तेच चार महिने! ढगही पश्चिमेच्या समुद्रावरूनच येतात, डोंगराला धडकतात आणि पश्चिमेच्या अंगाला सगळं ओतून टाकतात. डोंगरापलीकडे अर्जेंटिनातलं उस्पायाता, मेंडोसा कोरडं राहतं. मी त्या नकाशाकडे बघतच राहिले. हे तर आमचंच होतं. अलीकडे महाबळेश्वर, पलीकडे दहिवडी. फरक एवढाच की त्यांच्या सह्याद्रीवर पाणी पांढरं होऊन थांबतं आणि उन्हाळ्यात पुरवून पुरवून खाली येतं. ज्या उतारावर मी सात दिवस घसरणार, ते लॉस अँडीसच्या शेतकऱ्याचं धरण आहे. अण्णांनी फोटोतला उतार वरून खालपर्यंत का पाहिला, ते मला तेव्हा कळलं. ते पाणलोट क्षेत्र बघत होते.

स्वयंपाकघरातल्या बरणीत अक्रोड होते. पाकीट फाडून बरणीत ओतताना मी कधी वाचलं नव्हतं, या वेळी कपाटातलं दुसरं पाकीट काढून वाचलं. चिलीचेच.

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण सहल बर्फाची आणि ऑगस्टला वेळ होता, म्हणून त्या काळात रोज रात्री मी पुढच्या हिवाळ्याचे अंदाज वाचायला लागले होते. तिथे २०१० पासून मोठा दुष्काळ सुरू झाला, वर्षामागून वर्षं कोरडी गेली. काही मोसमांत उतारांवर खडक उघडे पडले. स्कीइंगवाली माणसं एकच गोष्ट घोकत असतात: अल निनो येऊ दे. पॅसिफिक तापला की मध्य चिलीवर वादळं जास्त येतात, बर्फ भरपूर पडतो. मीही नकळत तेच घोकायला लागले होते. समुद्राच्या तापमानाचा आलेख वर चढलेला दिसला की मला आनंद व्हायचा. मग एप्रिलमध्ये एके सकाळी आपल्या हवामान खात्याच्या मान्सूनच्या अंदाजाची बातमी आली, आणि तीत तोच शब्द होता, भीतीनं उच्चारलेला, कारण अल निनो आला की आपला पाऊस बहुधा घटतो. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. दहिवडीत वाढलेल्या मुलीला अल निनो शिकवावा लागत नाही. १९७२ लाही तोच होता. २०१५ लाही, ज्यानंतर लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. २०२३ चा ऑगस्ट तर भारतात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला, आणि त्याच महिन्यात मध्य चिलीत नद्या पात्र सोडून वाहत होत्या. नेहमीच असं होतं असं नाही, १९९७ च्या मोठ्या अल निनोत आपला मान्सून सावरला होता. पण झुकाव तसा आहे. समुद्र एकच आणि पारडी दोन.

इतके दिवस मी एका पारड्यात फुंकर घालत होते, आणि दुसऱ्या पारड्यात माण होतं.

यावर तोडगा निघत नाही. माझ्या मागण्यानं समुद्र तापत नाही की गार होत नाही, हे मलाही समजतं. चिलीतल्या शेतकऱ्यानं बर्फासाठी हात जोडले तर त्याचं काय चुकलं? त्याच्याही घरी टँकर येत असतील. पण त्याचं मागणं आणि माझं मागणं एक नाही. तो पाण्यासाठी मागतो, मी घसरायला. एका रात्री मी सगळं रद्द करायचंही ठरवलं. नवऱ्याला मेसेज लिहिला, पाठवला नाही. सकाळी लेक आरशासमोर उभी राहून माझे औलीचे जुने हातमोजे घालून बघत होती, बोटं उघडमीट करत होती. तिनं आयुष्यात बर्फ पाहिलेला नाही. “आई, पडताना त्याचा आवाज येतो का गं?” तिनं विचारलं. मी नाही म्हटलं. पावसाचा येतो, त्याचा येत नाही. मेसेज पुसला.

मागच्या रविवारी पुन्हा साताऱ्याला गेलो. मी अण्णांच्या समोर बसले आणि किराण्याच्या बिलामागे पेनानं नदी काढली. इथे पोर्तियो, इथून हुंकाल, इथे ब्लांको मिळते, इथून पुढे अकोंकाग्वा, ही गावं, हा समुद्र. अण्णांनी चष्मा लावला आणि रेघेवरून बोट फिरवत खाली आले. “लांबी फार नाही,” ते म्हणाले. “उतार जबरदस्त असणार. मध्ये धरण?” मी म्हटलं, बर्फच धरण. त्यावर त्यांनी बोट उचललं आणि पुन्हा वर पोर्तियोपाशी आणून ठेवलं. बराच वेळ तसंच ठेवलं. मग मी त्यांना अल निनोचंही सांगितलं, त्या आलेखाचं, मला आनंद व्हायचा त्याचं. ते मान खाली घालून ऐकत होते. आई अक्रोड फोडत होती, तिचाही हात थांबला.

“ते हॉटेलवाले रोज मोजतात का किती पडला ते?” अण्णांनी विचारलं.

मोजतात, मी म्हटलं. सेंटिमीटरमध्ये. रोज सकाळी.

निवृत्तीनंतर अण्णांनी गच्चीवर स्वतःचा पर्जन्यमापक बसवला आहे, आणि त्याची वही देवघराशेजारच्या फडताळात असते. लांबट, निळ्या पुठ्ठ्याची. ते उठून ती घेऊन आले. यंदाची पानं आखून तयार होती: तारीख, वेळ, मिलिमीटर, शेरा. ऑगस्टचं पान काढलं. त्यांच्या जुन्या स्टीलच्या पट्टीवरचे आकडे घासून पुसट झालेत, ती त्यांनी शेऱ्याच्या रकान्यावर ठेवली आणि मधोमध पेन्सिलनं एक नवीन रेघ मारली. हात हल्ली थरथरतो, म्हणून अर्ध्यावर थांबून पुन्हा मारली. “तिथले साडेआठ म्हणजे आपले किती?” संध्याकाळचे सहा, लेक म्हणाली. “मग सहाला फोन कर. तू कर हां, तुझी आई विसरेल.” नव्या रकान्याच्या डोक्यावर त्यांनी नाव लिहायला घेतलं आणि पेन्सिल थांबली.

“पोर्तियो,” लेकीनं सांगितलं. “त ला र, आणि य ला ओ.”